दिव्यावरची काळी पट्टी

बाबा,

गाडीची किल्ली शोधू नका, माझ्याकडे आहे. डॅशबोर्डवर एबीएसचा बिघाड दाखवणाऱ्या दिव्यावर तुम्ही लावलेली काळी चिकटपट्टी आज सकाळी काढली. एखाद्या गिऱ्हाइकाने असा दिवा झाकला असता तर तुम्ही त्याला गॅरेजमधून हाकललं असतं.

फ्यूज ठीक आहे. पुढच्या चाकाचा सेन्सर पुसला, तरी गाडी चालू लागल्यावर दिवा विझेना. मग दिसलं, टायर बदलताना सेन्सरची वायर क्लिपमध्ये अडकवायची राहिली आणि ती टायरला घासून तुटली. चाळीस वर्षांत तुमच्या हातून हे कधी झालं नव्हतं. क्लिप दिसली नसेल.

नवा सेन्सर आणायला चालले आहे, दुपारी बसवते. साधा ब्रेक लागतोय म्हणून निघाल, आणि एबीएस बंद असल्यामुळे ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबताच चाक जाम होईल. दुसरी किल्लीही मीच नेली आहे.

आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचं पत्र कपाटात अंथरलेल्या कागदाखाली सापडलं. ते का झाकलंत, विचारत नाही. उद्या दहाची वेळ घेतली आहे. गाडी मी चालवेन. तुम्ही मागे बसा आणि ब्रेक नीट लागतोय का ते सांगा. ते तुम्हाला डोळे मिटूनही कळतं.