विरजणाची टाकी

२ फेब्रुवारी
आली बाई एकदाची नातीच्या राज्यात! विनता, माझ्या पुष्पाची पोरगी, जबलपूरच्या सांडपाण्याच्या प्लांटवर इंजिनियर. ग्वारीघाटाकडे, अन् क्वार्टर प्लांटच्या आवारातच. वास येते थोडा. येऊ दे. सात लेकरांचे लंगोट धुतले मी.

तिनं सगळं फिरवून दाखवलं. पहिले जाळी, तिथं चिंध्या-पन्न्या अडकतात. मग वाळू बसते, मग गाळ. मग मोठी टाकी, खालून हवा सोडतात, वरण रटरटते तसं पाणी. त्यात न दिसणारे जीव असतात, ते घाण खातात. थोडा गाळ राखून परत त्यातच घालतात, विरजणच म्हणा ना! शेवटी नितळ पाणी नर्मदेत. मी हातच जोडले.

९ फेब्रुवारी
टाकीवरचा अंबादास म्हणे, प्लांट नवा, सगळे नाले जुळले नाहीत, घाण कमी येते. जीव उपाशी मरतात, म्हणून गूळ टाकावा लागते. अरे देवा, दारातले जीव उपाशी? मी रोज गूळ-पोळी टाकून राहिली. आज मटणाची हाडं, वरून रस्सा. टाकीनं मचमच केलं. खरंच! विनता रागावली, आजी, ये मंदिर नहीं है, भोग मत चढ़ाओ. मी म्हटलं, तूबी याच हातचं खाऊन वाढली.

१५ फेब्रुवारी
पाणी आरशासारखं. साहेब लोक खुश.
पण विनतानं पाळलेलं कुत्रं टाकीच्या कठड्यावर चढलं अन् फेसानं त्याचा मागचा पाय धरला. ओढलं. एकदाच केकाटलं. शेवटच्या टाकीत हाडं निघाली, घासल्या भांड्यासारखी.
मी खाऊ घालणं बंद केलं.

१८ फेब्रुवारी
अंबादासचा हात गेला. नमुना घ्यायले वाकला होता. कोपरापासून खाली नुसती हाडं, बोटं तशीच बाटली धरून. रक्ताचा थेंब नाही, चाटून नेलं. गाडीत घालेपर्यंत माझ्यावरच ओरडे, आजी, गूळ काहून बंद केला, काहून —

१९ फेब्रुवारी
विनतानं हवा बंद केली. तरी रटरटते.
फेस अंगणात. चौकीदार मोतीराम फाटकाकडे पळाला. फाटकाशी चपला आहेत. अन् कवटी.

खिडकीतून दिसते — विनता टाकीवरच्या पुलावर. दोन्हीकडून फेस. बूट ओढून राहिला तिचा. ओरडते, आजी, मत आना.
गुळाचा डबा रिकामा. पोळी नाही. काही नाही घरात.

मी आहे.

विनते, मी टाकीच्या या टोकाले उतरते. त्यायले माझ्या हाताची चव माहीत आहे, सगळे इकडेच येतील. जुनी हाडं, वेळ लागन. तेवढ्यात तू पळ. मागं पाहू —