तू चहाला आला नाहीस

बाबा, आई तुला अहोजाहो करायची, अजून करते. मी अरेतुरेच करते. तुझ्याशी बोलायची वेळच इतकी कमी आली की मान द्यायची सवय लागली नाही. आणि मला तुझा राग आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठेतरी ही रडेल म्हणून वाट बघायला नको.

मी काजूच्या कारखान्यात जाते. बिया फोडायला. हात काळे होतात, तेलाने सालटी निघतात, पण तिथे कुणी बोलायला लावत नाही म्हणून बरं वाटतं. फक्त कोपऱ्यात स्पीकर असतो आणि त्यावर रोज तू असतोस. तुझं ते पहिलं गाणं लागलं की बायका माझ्याकडे बघतात आणि मग पटकन बियांकडे बघतात. त्या वाईट नाहीत. पण त्या गाण्यात तू म्हणतोस की तुझा बाप बेवडा होता, दारू पिऊन यायचा, त्याने तुझा मृदंग लाथ मारून फोडला, आणि म्हणून तू तोंडाने ठेका धरायला शिकलास. त्या बायका गावातल्याच आहेत. आजोबांनी कधी दारूला हात लावला नाही हे त्यांना माहीत आहे. तरी गाण्यात ऐकलेलं खरं वाटतं. मलाच कधी कधी वाटतं, आणि मी तर त्याच घरात राहते.

तुझ्या मुलाखती मोबाईलवर आहेत. सगळीकडे तेच सांगितलंस. टोपी उलटी घालून, खाली बघत, थोडं थांबून. ते थांबणं पण खोटं. मृदंग आपल्या माजघरात टांगलेला आहे, अख्खा. आजोबा जाखडी नाचातले शाहीर होते, हे तू कधी कुणाला सांगितलंच नाहीस. दोन पार्ट्या समोरासमोर, एकाने सवाल घालायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे जवाब जोडायचा, मध्ये एकमेकांची घाण काढायची, आणि शेवटच्या ओळीत आपल्या गुरूचं नाव घ्यायचं. तू रॅप रॅप म्हणून मुंबईत जे केलंस ते तुला चुलीपुढे बसवून मांडीवर थाप मारून आजोबांनी शिकवलं. श्वास कुठे चोरायचा तेसुद्धा, फक्त ती जागा तू पुढे मुंबईत बदललीस. लोक म्हणतात तुझ्याआधी पोरं हिंदीत गायची, तू आपल्या भाषेत हाय-नाय करत गायलास म्हणून आज रत्नागिरीत नाक्यानाक्यावर पोरं गातात. असेल. त्यांना तू तुझी भाषा दिलीस, आम्हाला बेवडा दिलास.

तुझी मला नीट आठवण आहे ती एका गणपतीची. तू स्वयंपाकघरात पाटावर बसलायस, आई घावणे घालतेय, तुझे दोन मित्र आलेत मुंबईचे. तू मला म्हणतोस, हां, चार ओळी म्हणून दाखव. मला पाठ होत्या. पण तोंड उघडेना. मी तांदळाच्या पिंपामागे जाऊन उभी राहिले. तू मित्रांना हसत म्हणालास, "माझ्या पोटी मुकी जन्माला आली." ते हसले. आईने तव्यावरचा घावणा करपवला. तू हे विसरला असशील. मी कारखान्यात कुणी नाव विचारलं तरी आधी ते वाक्य ऐकते, मग नाव सांगते.

पुढच्या वर्षी तू आला नाहीस, मोठे हेडफोन पाठवलेस. मोबाईलवर तुझं ते गाणं आलं होतं, मी ते कानाला लावून स्वयंपाकघरातच ऐकलं. आजोबा समोर बसलेले, माझ्या तोंडाकडे बघत. म्हणाले, "नाव घेतलान काय माझं?" मी हेडफोन काढून त्यांच्या कानाला लावले. ते ऐकतायत. बोटं मांडीवर चालतायत. बेवड्याची ओळ आली तेव्हा बोटं थांबली नाहीत, मी बघत होते. गाणं संपलं तरी त्यांनी हेडफोन काढले नाहीत. शेवटच्या ओळीनंतर अजून एक ओळ येईल म्हणून बसून राहिले. मग काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "ठेका चुकला नाय."

नंतर तू गाडीच्या अपघातात गेलास आणि अजून मोठा झालास. शाळेत मला बेवड्याची नात म्हणायचे. ते मी सहन केलं. नववीत गॅदरिंगला सरांनी सांगितलं की वडिलांचं गाणं तूच म्हणायचं, शाळेला अभिमान वाटेल. सगळं गाणं, त्या ओळीसकट. दुसऱ्या दिवसापासून मी गेले नाही. आईने चार दिवस विचारलं, मग डबा भरायचं बंद केलं.

आता ह्या वर्षी शहरातल्या पोरांनी तुझ्या नावाने कार्यक्रम ठेवला. आजोबांना बोलवायला घरी आले. एक जण ओटीवर बसून इकडेतिकडे बघत होता, मग अगदी मायेने विचारतो, "आजोबा, आता घेता का हो?" आजोबा म्हणाले, "घेतो की. साखर कमी." आणि मला हाक मारली, चहा टाक गो. मी आत जाऊन टोप आपटला. मला हसू आलं नाही. पण तेव्हाच ठरवलं की ह्यांनी जायला पाहिजे, आणि माईक हातात आला की जवाब घालायला पाहिजे. सगळ्यांसमोर, त्यांच्या पद्धतीने. त्यांना ते अजून जमतं. मला तेवढं एकच पाहिजे होतं, बाबा. त्यांचं नाव धुवून निघायला पाहिजे होतं, आणि ते करायला तू नव्हतास.

गेलो. पुढच्या खुर्चीत बसवलं. स्टेजवर एक पोरगा तुझं गाणं म्हणायला लागला, तुझ्यासारखीच टोपी. बेवड्याची ओळ आली आणि अख्खा हॉल एकदम ती ओळ म्हणाला. आजोबांच्या मागे बसून, त्यांच्या डोक्यावरून. मग त्यांना वर नेलं, शाल दिली, नारळ दिला, माईक दिला. आजोबांनी माईक जरा लांब धरला आणि म्हणाले, "पोराचा ठेका चांगला होता." आणि उतरले. टाळ्या पडल्या.

येताना रिक्षात मी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा न अडखळता बोलले, का गप्प बसलात, एवढं कसं सहन करता, तुम्हाला लाज नाही का. रिक्षावाला आरशातून बघायला लागला. आजोबा नारळ मांडीवर फिरवत होते. म्हणाले, "मेलेल्याला जवाब घालत नायत गो. तो उलटून गायाचा नाय." मग बरंच पुढे आल्यावर, वळणाशी, परत म्हणाले, "शिव्या घातलान त्याचं काय नाय. मी पन घातल्यात समोरच्या पार्टीला, बापजादे काढलेत. पन सामना सपला की सकाळी एका टोपातला चहा प्यायचा असतो, असा नेम हाय आमचा." आणि उतरताना, माझ्याकडे न बघता, "ह्यो चहाला आला नाय."

घरी आल्यावर त्यांनी मृदंगावर शाल टाकली. धूळ बसते म्हणाले.

आजोबा म्हणतात मेलेल्याला जवाब घालत नाहीत, तर हे जवाब नाही असं समज. हे कुठे पाठवायचं नाहीच आहे, आणि त्यांना दाखवायचं तर मुळीच नाही. पण कारखान्यात बिया फोडता फोडता मी चार ओळी जोडल्यात. तुला चांगल्याच झोंबतील अशा. शेवटच्या ओळीत आजोबांचं नाव घेतलंय, नावानिशी. चाल त्यांचीच आहे, तुझी नाही, म्हणून घेतली. फक्त एक आहे. म्हणताना मी श्वास घेते तो आजोबांनी तुला शिकवला तिथे घेत नाही. तू गाण्यात घेतोस तिथे घेते. बदलून बघितलं. दुसरीकडे घेतला की मला अडखळायला होतं.