पन्नासावी पुंगळी

६ मे

पोचलो एकदाचा. शेरिडनपर्यंत बस, पुढे रुस्टाड म्हाताऱ्याच्या पिकअपमधून चाळीस मैल. वाटेत त्याने दोनदा विचारलं, तुमच्या आर्कान्सात माणसं बूट घालायला लागली का रे? मी म्हटलं, रविवारी घालतो, चर्चपुरते. खो खो हसला. दिलदार माणूस वाटतो.

राहायला घरामागचा ट्रेलर दिलाय. शेगडी आहे, खिडकीतून डोंगरावरचा बर्फ दिसतो. म्हाताऱ्याची बहीण आयोना स्वयंपाक करते. तिने मांसाचा रस्सा वाढला, वर रुबार्बच्या आंबटगोड देठांची भाजलेली पाई, आणि म्हणाली, आधीची पोरंही अशीच काटकुळी आली होती, खा.

काम बैठं आहे. ऑर्विल रुस्टाड हजार यार्डांवरून कागदावर नेम धरतो, तीन राज्यांत त्याचं नाव आहे. आता हात थरथरतात म्हणून उडवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पुन्हा तयार करायला त्याला तरुण हात हवेत. आईला सांगून आलोय, या वेळी मधेच सोडून पळणार नाही.

९ मे

काम आवडलं. खोटं कशाला सांगू, शाळेतलं काही कधी इतकं आवडलं नाही.

उडवलेल्या पुंगळीच्या बुडातली, ठिणगी देणारी जुनी टोपी काढायची, धुवायची, वाळवायची. काट्यावर तोलून सारख्या वजनाच्या वेगळ्या करायच्या. तोंडाकडची निमुळती मान आचेवर फिरवायची, नाहीतर पितळ कडक होऊन तडकतं. मग मान आतून-बाहेरून तासायची, लांबी सारखी करायची, टोपीचं भोक खरवडायचं. शेवटी वाकवलेली बारीक तार आत घालून बुडाजवळ चाचपायचं. तार कुठे अडकली तर तिथे आतून खाच पडलीय, ती पुंगळी फेकायची. हे सांगताना ऑर्विल माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, बाकी सगळ्यात चुकलास तर नेम जाईल, तारेत चुकलास तर डोळा.

एक रायफल, तिच्याच पुंगळ्या. बार उडाला की पितळ त्या रायफलीच्या पोटाच्या मापाचं होतं, ते दुसरीत नीट बसत नाही. एका डब्यात पन्नास घरं, प्रत्येकावर आकडा. मी केलेल्या पुंगळ्यांत दारू आणि गोळी तो स्वतः भरतो.

१४ मे

आज पहिल्यांदा खड्ड्यात बसलो. खड्डा म्हणजे मातीच्या बांधामागे सिमेंटची भिंत. मी भिंतीखाली बसून नेमाच्या कागदाची चौकट वर सरकवायची, गोळी लागली की खाली घ्यायची, भोकावर कागद डकवायचा. तिकडे हजार यार्डांवर ऑर्विल, मधे तारेचा फोन. गोळी डोक्यावरून जाते तेव्हा चाबूक ओढल्यासारखा आवाज होतो. मजा आली.

फक्त एक. आवाज पन्नास मोजले, भोकं एकोणपन्नास. फोनवर सांगितलं तर म्हणतो, आर्कान्सात मोजायला कितीपर्यंत शिकवतात?

१७ मे

ती उडवलेली पन्नास आज मापाला घेतली. पन्नासाव्या घरातली बाकीच्यांशी जुळत नाही. मानेखालचा खांदा केसभर पुढे. टोपीवर रायफलीच्या खिळ्याचा ठसा इतर सगळ्यांत मधोमध, हिच्यात कडेला.

ही दुसऱ्या रायफलीतून उडालीय.

म्हातारा लबाडी करतोय का? पण कुणाला फसवायला? इथे बघायला मी एकटाच.

२३ मे

या डब्यावर मी जीव ओतला होता, एकेक पुंगळी तीन तीनदा मोजली. ऑर्विलची एकोणपन्नास भोकं बशीएवढ्या जागेत बसली. पन्नासावा आवाज पुन्हा झाला. मी बाहेर येऊन मागची टेकडी शोधली. मागच्या खेपेची गोळी चौकटीच्या डावीकडे वीस पावलांवर घुसली होती, मी तेव्हाच खूण करून ठेवली होती. आजची नऊ पावलांवर.

जितकं काम चांगलं, तितकी ती जवळ येते.

कुणाला सांगितलं नाही. जेवताना ऑर्विलच्या आणि आयोनाच्या हातांकडे बघत राहिलो. आयोनाला बंदूक येते, परवा तिने कोठाराशी आलेला कोल्हा टिपला.

२९ मे

आयोनावरचा संशय फेडायचा म्हणून तिलाच आज खड्ड्यात सोबत बसायला बोलावलं. विणकाम घेऊन आली. म्हणाली, माझ्या वयाच्या बाईला खड्ड्यात बोलावणारा तू पहिलाच, पाद्रीसुद्धा अजून थांबलाय.

एकोणपन्नास झाले. ती माझ्या शेजारी, सुया हातात. पन्नासावा आला आणि चौकटीचा डावा पाय फुटून ढलप्या आमच्या अंगावर पडल्या.

तिने विणकाम मांडीवर ठेवलं. म्हणाली, हॅल्वर पहिल्या गोळ्या नेहमी डावीकडे टाकायचा. मग हळूहळू आत आणायचा.

हॅल्वर म्हणजे त्यांचा मधला भाऊ. मरून अकरा वर्षं झाली. पुंगळी बुडाजवळ फाटली आणि जळता वायू मागे येऊन डोळ्यातून डोक्यात गेला. ऑर्विलने शेरीफला सांगितलं, कामाच्या पोराने तार नीट फिरवली नाही. हॅल्वरची रायफल त्याच्याबरोबर शवपेटीत पुरलीय. आयोनाने स्वतः ठेवली.

३ जून

आज खिडकीतून ऑर्विलला बघितलं. तो ट्राउट माशाला भुलवायला गळावर दोऱ्यापिसांची खोटी माशी बांधत होता. केसासारखा दोरा, तांदळाएवढा गळ. हात दगडासारखे स्थिर.

थरथर माझ्यासमोरच असते.

मग मला का ठेवलंय? स्वतः का करत नाही?

५ जून

आजच्या पन्नासाव्याचं भोक माझ्या मागच्या भिंतीत. बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. समोर बांध, बांधाला लागून सिमेंट, त्यातून गोळी येऊच शकत नाही. दोन्हींना ओरखडाही नाही.

आयोनाला विचारलं, आधीच्या पोरांचं काय झालं? पहिल्याचा कान गेला, तो पळाला. दुसऱ्याला घोड्याने लाथ मारली असं ऑर्विल म्हणाला.  मीच म्हटलं, जो पुंगळ्या करतो त्याच्यावर नेम आहे ना? म्हणून ऑर्विल स्वतः हात लावत नाही ना? तिने ताटं उचलली.

७ जून

आई, माफ कर. पळालो. सकाळीच पिशवी घेऊन हमरस्त्याकडे. आठ मैल गेलो. मोकळं रान, माणूस नाही, झाड नाही. टपालपेटीजवळ पाणी प्यायला थांबलो तर कानाशी चाबूक. बार उडाल्याचा आवाज नाही, नुसता चाबूक. पेटीला आरपार भोक.

त्या पोराचा कान असाच गेला असणार.

परत आलो. ऑर्विल ओसरीत बसला होता. फिरून आलास का, म्हणाला.  पुढचा डबा बुधवारपर्यंत हवा म्हणाला.

८ जून

मुद्दाम वाईट काम करू? मग ऑर्विलला कळेल. आणि त्याला — दुसऱ्याला — त्यालाही.

दोघं बहीण-भाऊ शहरात गेले तेव्हा ऑर्विलचा माशा बांधायचा खण उघडला. तळाशी फडक्यात गुंडाळलेलं पुंगळीचं एक बूड. वरून फाटलेलं, काळं. तळावर तीन चरे. ऑर्विलच्या जुन्या सगळ्या पुंगळ्यांवर तेच तीन चरे आहेत. त्याने स्वतः केलेल्या कामाची खूण.

आयोना आली तेव्हा तिच्यासमोर धरलं. खुर्चीत बसली. म्हणाली, हॅल्वर गेला त्या आठवड्यात कामाचा पोरगा बिलिंग्सला दात काढायला गेला होता. मला तेव्हाच माहीत होतं. भाऊ एकच उरला होता रे.

म्हणजे हॅल्वरला अजून खोटंच माहीत आहे, की कामाच्या पोरामुळे मेलो.

९ जून

डब्यात काडतुसं उलटी उभी असतात, वर फक्त बूड दिसतं. ऑर्विलने सगळी भरून ठेवल्यावर पन्नासाव्या घरातलं काढलं. तिथे ते फाटलेलं बूड ठेवलं. ते तीन चरे सोडले तर वरून बाकीच्यांसारखंच दिसतं, घासून चकचकीत केलंय.

पन्नासावं दर वेळी दुसऱ्या रायफलीतून उडतं, म्हणजे ऑर्विल ते कधी उचलत नाही. उचलणारा बघून घेईल कोणाचं आहे ते.

१० जून, खड्ड्यात

हात चालता राहावा म्हणून लिहितोय. एकोणपन्नास झाले. सगळी भोकं मधोमध.

थांबलोय.

पन्नासावा नाही. वरून काही नाही. तिकडून, ऑर्विलच्या बाजूने, एक बार. दबका. शवपेटीच्या आतून आल्यासारखा.

फोन वाजतोय —

उचलला. आधी वारा. मग श्वास. ऑर्विल, ऑर्विल करत राहिलो.

ऑर्विल नाही. सावकाश बोलतो, घाई नाही. म्हणाला, ते बूड याचं होतं, कळलं. अकरा वर्षं लागली.

मग म्हणाला, उरलेली एकोणपन्नास कोणी केली?

आयोना बांधावर आलीय. दोन्ही हात हलवतेय. सांगू नको, सांगू नको —

पुन्हा विचारतोय. रागावलेला नाही. ते जास्त वाईट आहे. चांगली आहेत म्हणतो, एकेक हातात घेऊन बघतोय, पितळ वाजतंय. ऑर्विलने जन्मात असं काम केलं नाही म्हणतो. त्याला आता दुसरा डबा लागेल. करणारा जवळ हवा, म्हणतो, हाताशी —

फोन ठेवला. ठेवलाय, मला दिसतोय ठेवलेला.

तरी आवाज येतोय. भिंतीच्या आतून. नाव विचारतोय. आयोना ओरडतेय, तिचं काही ऐकू येत नाही, नुसतं त्याचंच — मी तोंड दाबून धरलंय डाव्या हाताने, आणि उजवा लिहितोय, मी नाही लिहीत, उजवा हात आपणच लिहितोय, माझं नाव लॉ