बदनापूरच्या बैठकीआधी

केदारखेडा,
गुरुवार

प्रिय वंदना,

तू माझा फोन उचलत न्हाईस, म्हणून हे पत्र. चांगुणाबाई उद्या लेकीकडं बदनापूरला चाललीय, तिच्याच हाती देते. वाचायच्या आधी फाडू नकोस, माय. सासू पत्र लिहायला बसली म्हणून हसशील, पण सातवीपर्यंत शिकलेली आहे मी, आणि बचत गटाचं रजिस्टर पाच वर्षं माझ्याच अक्षरात चाललंय. फोनवर माझा आवाज लगेच चढतो, तुला ठाऊकच आहे. कागदावर ओरडता येत न्हाई, तेवढं बरं.

राजनंदिनी कशी आहे? तू गेलीस तेव्हा तिचा खालचा दात नुसता टोचत होता, आता वर आला असंल. बारा दिवस झाले. घरात रांगणारं लेकरू न्हाई म्हणून मी विळी पुन्हा खाली जमिनीवर ठेवायला लागले, आणि ठेवली की रडू येतं. रामप्रसाद दुपारी मोटारसायकल काढून मिलमध्ये जातो, रात्री येतो, ताट झाकलेलं तसंच ठेवतो. सकाळी ती भाकरी मी म्हशीला घालते. एका शब्दानं बोलत न्हाई पोरगा.

काल तुझ्या भावाचा निरोप आला. राजानंद म्हणतो, रविवारी बैठक बसवू, दोन्हीकडची चार-चार माणसं बोलवू. रामप्रसादनं सगळ्यांसमोर कबूल करावं की तुझ्या नोकरीला नकार त्यानंच कंपनीला कळवला. न्हाई केलं तर सोडचिठ्ठीचे कागद. रामप्रसाद म्हणतो, जे मी केलंच न्हाई ते कबूल कसं करू? त्याला वाटतं तूच नोकरीचं निमित्त काढून माहेरी बसलीस. तुला वाटतं त्यानं तुझ्या पायात दोरी बांधली. दोघं हट्टाला पेटलात, आणि माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझं काम काय असतं ते मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. आपलं घरचं सोयाबीन पेरायला काढलं होतं. तू ओल्या गोणपाटावर बराबर शंभर दाणे मांडलेस, गुंडाळून ठेवलेस, आणि सहाव्या दिवशी बोट ठेवून मोजलंस. एकावन्न उगवले. हे बी पेरू नका म्हणालीस. तुझे सासरे फुरफुरले, कालची पोरगी आम्हाला शेती शिकवते म्हणाले, पण दुसऱ्याच दिवशी बी बदलून आणलं. मी गावभर सांगितलं, माझी सून बियाण्याच्या कंपनीत आहे म्हणून. तुझ्या तोंडावर मात्र कधी सांगितलं न्हाई. सुनेची तारीफ तोंडावर करायची आमच्यात रीत न्हाई, आणि ती रीत बिलकुल बेकार आहे.

तेव्हा तू पाकिटं भरायच्या खात्यात होतीस, ठेकेदाराकडून. सातव्या महिन्यापर्यंत रामप्रसादच्या मागं बसून एमआयडीसीत जात होतीस. मंग राजनंदिनी झाली आणि घरी बसलीस. घरी बसली म्हणते मी, पण बसलेली तुला कधी बघितली न्हाई. धुणं, म्हैस, लेकरू, स्वयंपाक. त्याला कुणी पगार दिला असता तर तू घरातली सगळ्यात मोठी कमावती झाली असतीस. तरी येणारी-जाणारी बाई विचारायची, सून काय करते? आणि मी म्हणायचे, काही न्हाई, घरीच असते.

याच काळात लाडक्या बहिणीचे पैसे सुरू झाले. तुला पंधराशे, मला पंधराशे. आठवतं का, पहिला हप्ता आला तेव्हा मी मेसेज तुझ्याकडून तीनदा वाचून घेतला होता? चोपन्न वर्षांत माझ्या नावावर पैसा म्हणून आला तो पहिला. त्यातून भोकरदनला जाऊन मी चष्मा केला. वंदना, त्या चष्म्यानं माझं नशीब उघडलं बघ. मिरचीच्या संकरित बियाण्याच्या कामातून, क्रॉसिंगमधून, मला मुकादम चांगुणाबाईनं दोन वर्षांपूर्वी काढून टाकलं होतं, कळीतले बारीक पुंकेसर चिमट्यानं काढायचे ते दिसत न्हाईत, कळीच मोडते म्हणून. चष्मा लागला आणि मी पुन्हा शेडनेटमध्ये उभी राह्यले. सकाळी सात ते एक. बायांसोबत बोलणं, हसणं, शनिवारी हातात मजुरी. कुणाला विचारून खर्चा करायचा न्हाई. या वयात मला कामाला जायची चटक लागली, अगं.

आणि त्याच तोंडानं मी तुला काय म्हणाले? घरबसल्या पंधराशे येतात, मंग लेकरू टाकून कंपनीत कशाला मरायला जातीस? मला त्या पैशानं घराबाहेर काढलं, आणि तोच पैसा दाखवून मी तुला घरात बसवून राह्यले होते. तू एकदाच म्हणालीस, आई, पंधराशेत माझं काम कसं भागेल? मला वाटलं पैशाचं बोलतीस. तू कामाचं बोलत होतीस.

दुसरंही सांगते. शेडनेटमध्ये बोलणं निघालं की कंपनीत पीएफ कटायला लागला की त्या घराचं नाव लाडक्या बहिणीच्या यादीतून उडतं, आणि एका राशन कार्डावर सासू-सून असल्या तर दोघींचं उडतं. मी ते खरं धरलं. कुणाला विचारलं न्हाई. परवा अंगणवाडीच्या ताईंना विचारलं तर त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, गोजरबाई, असं कुठं लिहिलंय? रजिस्टर लिहिणारी बाई मी, आणि ऐकीव गोष्टीवर चालले. पण खरं बोलायचं तर पैशाची भीती अर्धीच होती. अर्धी दुसरीच होती. तू कंपनीत गेलीस की राजनंदिनीला कोण बघणार? आजी. आजीनं लेकरू धरायचं, हे आमच्यात कुणी विचारत पण न्हाई. म्हणजे माझा चिमटा गेला, माझ्या बाया गेल्या, माझा शनिवार गेला. हे तुला तेव्हा तोंडानं म्हणाले असते तर आपण भांडलो असतो, रडलो असतो, काहीतरी वाट काढली असती. मी म्हणाले न्हाई. लेकराला आई लागते, एवढंच म्हणत राह्यले.

आता वाट मला दिसते. रामप्रसादची पाळी तीनची, तो घरातून निघतो दीडला. मी एकला येते. सकाळभर लेकरू बापानं धरावं. बापाला लेकरू धरता येत न्हाई असं कुठल्या कागदावर आहे? म्हशीला धरतो तो. दुपारनंतर मी आहेच. क्रॉसिंग मी सोडणार न्हाई, हे आत्ताच सांगते, उगाच देवी बनून खोटं कबूल करणार न्हाई. काल मी तुझ्या सुपरवायझरला, साहेबरावांना फोन लावला. ते नाराज आहेत. उगवण तपासायच्या खोलीत तुझ्या जागी दुसरी पोरगी तात्पुरती घेतलीय म्हणाले. वंदना सोमवारी सकाळी स्वतः येऊन भेटली तर बघू, शब्द देत न्हाई. म्हणजे रविवारी बैठक आणि सोमवारी कंपनी. रविवारी सोडचिठ्ठी झाली तर तू सोमवारी कुठल्या तोंडानं उभी राहशील, आणि लेकरू कुणाकडं ठेवशील, या विचारानं माझा डोळा लागत न्हाई.

साहेबरावांचा नंबर माझ्याकडं कसा आला, हे तुझ्या ध्यानात आलंच असंल. त्या दिवशी तू राजनंदिनीला लस टोचायला दवाखान्यात गेल्तीस. तुझा फोन घरीच चार्जिंगला होता. रामप्रसादची सुट्टी होती, पण तो गोठ्यात होता. फोन वाजला, मी उचलला. ते म्हणाले, वंदनाताईंना उगवण तपासायच्या लॅबमध्ये कायमचं घेतोय, दहा तारखेला पाठवा. आणि मी म्हणाले, तिला यायचं न्हाई, तिच्या नवऱ्याची इच्छा न्हाई. माझी इच्छा न्हाई असं म्हणायची छाती झाली न्हाई, म्हणून पोराचं नाव घेतलं. पुन्हा फोन आला तर ओळखावा म्हणून नंबर रजिस्टरच्या मागं उतरून घेतला, आणि फोन ठेवला तेव्हा वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. मंग तू त्यांना फोन करून विचारलंस, तर साहेबराव म्हणाले, घरून कळलं, मिस्टरांचा नकार आहे, आणि तू रामप्रसादवर तुटून पडलीस. तो शपथा घेत राह्यला, तू कपडे भरत राह्यलीस, आणि मी चुलीपाशी भाकरी थापत बसले. त्यानं मला विचारलं होतं, आई, तू तरी सांग, मी फोन केला का? मी म्हणाले, मला काय माहीत बाबा. तो त्या दिवसापासून माझ्याशी पण बोलत न्हाई, त्याला वाटतं आईचा पण त्याच्यावर विश्वास न्हाई. वंदना, रविवारी मी बैठकीला येणार आहे, बायांच्या बाजूला बसेन. हे पत्र तू उभं राहून सगळ्यांसमोर वाच, एक ओळ गाळू नको. त्याच्या तोंडाकडं बघून हे सांगायची माझ्यात हिंमत न्हाई, म्हणून तुझ्याकडून वाचून घेते. वाचून झालं की दोघं मला काय म्हणायचं ते म्हणा. मी उठून जाणार न्हाई.

तुझीच, आई म्हण न्हाईतर सासू म्हण,
गोजरबाई