सुमनची जखम भरली

गुरुवार, संध्याकाळ

आज डॉक्टरांनी सुमनच्या टाचेवरची पट्टी काढली आणि म्हणाले, "आता पट्टीची गरज नाही." जखमेच्या जागी नवी गुलाबी कातडी आली आहे. मग त्यांनी माझा पाय पाहिला. बराच वेळ पाहिला. "अंगठा वाचवता येतो का बघू," एवढंच म्हणाले.

सुमन माझी धाकटी जाऊ. दोघींनाही शुगर, दोघींच्याही पायाची जखम भरत नव्हती. म्हणून ती उपचारासाठी अमळनेरहून माझ्याकडे मेहरूणला राहायला आली. दवाखान्यातल्या बंद कॅबिनमध्ये शेजारी बसून, तोंडाला मास्क लावून, जखम भरावी म्हणून आम्ही दाबाखालचा ऑक्सिजन घेतला. हवा एकच, मग तिलाच का लागू पडली? मी भात सोडला, चहा बिनसाखरेचा घेते. ही चोरून जिलेबी खाते! आणि गुलाबी कातडी मात्र हिला. रिक्षात ती टाच पुन्हा पुन्हा बघत होती. मी बाहेर बघत राहिले.

घरी आल्यावर म्हटलं, "आता तू अमळनेरला जा. घरचे वाट बघत असतील."

"नही अक्का. तुम्हना पाय बरा व्हई तवलोंग मी आठेच शे."

माझा पाय बरा होईपर्यंत इथेच राहणार म्हणे. बरं वाटायला हवं होतं ना? उलट जास्तच राग आला. चांगलं वागणंही हिलाच जमावं?

ती चहा टाकायला गेली आणि मला रडू फुटलं. ती धावत आली. त्या पायाने, धावत! "काय व्हयनं अक्का?"

अंगठ्याची भीती वाटते, तेवढंच सांगितलं.