बेकरांच्या हातांवरचं पीठ

मी, जगन्नाथ विनायक घरत, वय चौऱ्याहत्तर, मूळ गाव उरण, सध्या राहणार जर्सी सिटी, न्यू जर्सी, व्यवसाय जुन्या चर्चमधली भित्तिचित्रं दुरुस्त करणं, जो आता बंद आहे, हे मृत्युपत्र डोकं ठिकाणावर असताना स्वहस्ते मराठीत लिहीत आहे. इंग्रजी प्रत वकिलाकडे आहे, पण तिच्यात फक्त कामापुरतं आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी अस्मिता, राहणार फ्रीमाँट, हिला मिळावी. तिची आई यामिनी गेल्यापासून ती मला तिकडे बोलावते आहे आणि मी इथल्या एका जुन्या चर्चचं निमित्त सांगतो आहे. ते निमित्त येत्या सोमवारी पाडलं जाणार आहे.

२. माझे ब्रश, भिंगं, दिवा आणि घडीची शिडी सत्यजितला द्यावी. आम्ही भागीदार होतो, शहाण्णव साली त्याच चर्चच्या भिंतीवरून भांडून वेगळे झालो. तो म्हणाला होता, "जगन, आधी कोपऱ्यात छोटा टेस्ट पॅच कर यार, मग सगळं वाइप कर." मी म्हटलं, मिठागरात वाढलेल्या माणसाला तू लोणा, भिंतीतून फुटणारं मीठ, ओळखायला शिकवणार? त्याला अकलेचा कांदाही म्हणालो. तो शब्द मी मागे घेतो. हे फोनवर सांगायला तीनदा नंबर लावला आणि वाजायच्या आत ठेवला.

३. चर्चविषयी. ते माझ्या मालकीचं नाही, तेव्हा या कलमाला कायद्यात काही अर्थ नाही.

हे चर्च इथल्या जर्मन बेकरांच्या संघाने बांधून घेतलं. खांबांच्या माथ्यावर गव्हाच्या ओंब्या कोरल्या आहेत, कमानी भट्टीच्या तोंडासारख्या बसक्या आहेत. उजव्या भिंतीवर येशू पाच हजारांना भाकरी वाटतो आहे आणि वाढायला उभे आहेत ते संघाचे खरेखुरे बेकर, एकेक चेहरा ओळखू येईल असे. त्यांच्या हातांवर पांढरी भुकटी होती. मला वाटलं, भिंतीला लोणा लागला आहे. ओल्या स्पंजाने मी बत्तीस हात लख्ख पुसले. मिठागरवाल्याच्या मुलाने ती भुकटी जिभेला लावूनसुद्धा पाहिली नाही.

पुढे संघाच्या ठरावांच्या वहीचं भाषांतर वाचायला मिळालं. आमची माणसं रविवारी भट्टीवरून थेट प्रार्थनेला येतात, तेव्हा चित्रातही त्यांचे हात पिठाचेच असावेत, असा ठराव होता. चित्रकाराने ते पीठ सगळ्यात शेवटी, कोरड्या भिंतीवर खडूने चढवलं होतं.

चर्चमध्ये नेमाने येणाऱ्या मिसेस क्राउस यांचे आजोबा त्या चित्रात डावीकडून चौथे. त्यांनी विचारलं, "जगन, आजोबांच्या हातावरचं पीठ कुठे गेलं?" मी म्हणालो, "ओलीने गेलं, मॅम." त्यांनी विश्वास ठेवला. मरेपर्यंत दर नाताळला मला अक्रोडाचा पाव आणून देत होत्या. मी तो खात होतो.

इमारत विकली गेल्यावर मी नव्या मालकांना पत्रं लिहिली. भिंत कापून निघत नाही, हे मलाही कळतं. मग एका दिवसापुरतं आत सोडा, एवढंच मागितलं. माझा हात आता कापतो, पण खडू लावायला फार कसब लागत नाही. साइट धोकादायक आहे, असं उत्तर आलं. अस्मिता म्हणाली, "बाबा, लेट इट गो ना. इट्स कमिंग डाउन एनीवे." पोरगी माझ्या भल्याचंच बोलली. फोन ठेवल्यावर मी रडलो.

४. पुसण्याआधी काढलेले फोटो मिसेस क्राउस यांच्या नातवंडांना द्यावेत, सोबत तिसऱ्या कलमाचं इंग्रजी भाषांतर. ते अस्मितानेच करावं. तिच्या बापाने काय केलं हे तिला नीट वाचावं लागेल.

हे सारं मी आपखुशीने लिहिलं आहे, कोणीही भाग पाडलेलं नाही. ती भिंत पुसायलाही मला कोणी भाग पाडलं नव्हतं.

सही: जगन्नाथ विनायक घरत

साक्षीदार: १. विनीता, शेजारी. २. देवांग, विनीताचा मुलगा, वय सव्वीस.

जर्सी सिटी, शनिवार, ८ मार्च २०२५