मास्तरांच्या गालावरचे वण

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि., आणि नमस्काराच्या जोडीला माफी.

तुझी दोन पत्रं टेबलावर पडून आहेत आणि मी गेले तीन महिने त्यांच्यावर फाइल ठेवून वेळ मारून नेतेय. कामाचं कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. वेळ होता त्या दिवशीही लिहिलं नाही, हेही सांगून टाकते. फोन मात्र मुद्दाम केला नाही. फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि आई फोन वहिनीच्या हातात देऊन मोकळी होते.

तू विचारलं होतंस, 'राष्ट्रीय वारसा समन्वयक' म्हणजे मी दिवसभर नक्की काय करते. देशात आमची अकरा केंद्रं आहेत. कुठे हस्तलिखितं, कुठे ध्वनिफिती, कुठे नकाशे, आणि जुने फोटो तर सगळीकडेच. हे सगळं खराब व्हायच्या आत स्कॅन करून जपून ठेवायचं. पण प्रत्येक केंद्राचं यंत्र वेगळं, पद्धत वेगळी आणि रुसवाही वेगळा. एकजण फाइलला तारखेचं नाव देतो, दुसरा पेटीचं. एका गृहस्थांनी तर ओळीने स्वतःच्या पुतण्यांची नावं दिली होती. विचारलं तर म्हणाले, लक्षात राहतात. ही मोट बांधायला मी एक नियमावली तयार केली आहे. महिनाअखेर ती छापून होईल आणि एक मार्चला सगळीकडे एकाच पद्धतीने काम सुरू होईल. खूप दिवसांनी एखादं काम नीट झाल्यासारखं वाटतंय.

आता मागणी. बाबांच्या स्टुडिओतल्या, मागच्या खोलीतल्या काचेच्या निगेटिव्ह मला हव्या आहेत. कोपऱ्यांना थर सुटायला लागलाय, असं तूच लिहिलंस. त्या पहिल्या तुकडीत घ्याव्यात असं मला वाटतं. हा वशिला तर होत नाही ना, असं स्वतःला बरेचदा विचारलं. सगळ्या गावाचे चेहरे त्यात आहेत, त्या वशिल्याशिवायही बसतात, असं उत्तर आलं. तरी शिफारशीवर मी सही केली नाही, आमच्या संचालकांची घेतली.

सोबत नियमावलीतलं कलम सात पाठवते. काच मऊ ब्रशने झाडायची, मग चित्राच्या बाजूवरचं पिवळं पडलेलं रोगण स्पिरिटच्या बोळ्याने उतरवायचं, म्हणजे खालचं चित्र स्वच्छ येतं. सुचवलं तज्ज्ञांच्या समितीने, भाषा माझी. एखाद्या फुटक्या काचेवर करून बघ आणि कुठे अडखळलास ते कळव.

आईला आणि वहिनीला नमस्कार. लोभ असू दे. उत्तराला उशीर केलास तर मला बोलायला तोंड नाही.

तुझी,
मोजपट्टी

११ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद. कान पिळायचा राहिलाय तो समोर आल्यावर.

तुझं कलम सात मी अक्षरशः पाळलं. कोपरा उडालेली एक काच काढली. आपल्या शाळेच्या मास्तरांची, कोट घातलेली, भिंतीवर लावायला म्हणून काढलेली. ब्रशने झाडली. मग स्पिरिटचा बोळा फिरवला. बोळा काळा झाला. मला वाटलं धूळ असेल. दुसरा फिरवला, तोही करडा. वाटलं, वा, काय मळ निघतोय! मग काच उजेडावर धरून फोटो काढला, स्क्रीनवर सुलटा करून पाहिला, आणि मास्तरांच्या दोन्ही गालांवर देवीचे वण. भरगच्च. आपण चार वर्षं त्यांच्यासमोर बसलो, ते वण आपण रोज पाहिलेत. फोटोत मात्र गालांवर ते कधीच नव्हते.

तुझे तज्ज्ञ ज्याला रोगण म्हणतात ना बाई, तो आईने बोटाने चोळून लावलेला थर होता. काच गुळगुळीत, पेन्सिल धरत नाही, म्हणून लावायची ती. आणि तो मळ म्हणजे आईची पेन्सिल. बाबा फोटो काढायचे आणि नाव बाबांचं व्हायचं. पण त्या तिरप्या मेजावर, खालच्या आरशाचा उजेड काचेतून घेऊन, सुईसारख्या टोकाने एकेक वण भरणारी कोण होती? आपल्याला त्या मेजाला हात लावायची बंदी होती, हे विसरलीस? तिचीच लेक आता साऱ्या देशाला हुकूम काढतेय की ते पुसून टाका. धन्य आहे. पुसणारा हात माझा होता, हेही लिहून ठेव. तुला नोंदी आवडतात.

आई मागे येऊन उभी होती. तिने काच माझ्या हातातून घेतली आणि खिडकीशी धरली. उलटं चित्र तिला सरळ दिसतं, तुला माहीत आहे. म्हणाली, हा खरा मास्तर, काच ठेवली आणि दोरीवरचे कपडे काढायला गेली. तेव्हापासून जेवते, झोपते, वहिनीला टोमणे मारते, पण स्टुडिओत पाऊल टाकत नाही.

तेव्हा काचांच्या पेट्या मिळणार नाहीत. मागच्या खोलीची किल्ली माझ्या खिशात आहे आणि तिथेच राहील. राग मानू नकोस, किंवा मान. आशीर्वाद कमी होणार नाहीत.

दादा

१५ फेब्रुवारी

चि. बाळास,
आईचे आशीर्वाद.

दादाने तुला रागाने काय लिहिलं ते मला वहिनीने वाचून दाखवलं. तो लहानपणापासून आधी ओरडतो आणि मग पाणी पितो. तू मनाला लावून घेऊ नकोस.

मी स्टुडिओत जात नाही, कारण गुडघा दुखतो. दुसरंही कारण आहे, ते लिहिते. फोटो काढून झाल्यावर दुसऱ्या दिवशी मास्तर एकटेच परत आले होते. बाबा बाहेर गेले होते. दारातच उभे राहून म्हणाले, की वर्गात पोरं त्यांच्याकडे बघून पाठ म्हणतात, वण मोजत नाहीत. पण भिंतीवर टांगलं की मोजतील. आणि लगेच म्हणाले, सगळेच काढू नका, नाहीतर घरी आई विचारेल हा कोण पाहुणा. मग आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. डाव्या कानाजवळचे राहू द्यायचे, बाकीचे भरायचे. मी त्यांना तसा शब्द दिला. काच धुऊन पुसली तर खरा चेहरा दिसतो हे बरोबर आहे. पण तो चेहरा कोणाला दाखवायचा हे त्यांनी मला सांगितलं होतं, तुमच्या समितीला नाही.

माझं काम गेलं म्हणून तू रडत बसू नकोस. वाईट वाटलं. शब्द मोडला त्याचं जास्त, थोडं कामाचंही वाटलं, खोटं कशाला बोलू? त्या पेट्यांमध्ये असे बरेच शब्द दिलेले आहेत. दुसऱ्या गावांतही कोणी ना कोणी दिले असतीलच. तू शहाणी आहेस, बघ काय करता येतं ते.

वेळेवर जेवत जा. पत्र लिहायला तीन महिने लावू नकोस, माझ्या वयाला ते परवडत नाही.

आई

२२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. कान पिळायला पुढे केला आहे.

तुझं पत्र वाचलं आणि छापखान्याला थांबायला सांगितलं. आईचं वाचलं आणि स्वतःवर संशय घेतला. त्या मेजाच्या बंदीखाली वाढलेल्या मला 'रोगण' हा शब्द वाचताना आईचं बोट आठवलं नाही, हे मला अजून पचत नाही. पण त्याहून मोठा प्रश्न वेगळा होता. मी नियम बदलतेय तो चुकीचा आहे म्हणून, की आई माझी आहे म्हणून?

संचालकांनीही तेच विचारलं. घरच्या जिव्हाळ्यावर देशाचं काम चालत नाही, म्हणाले, आणि खालचं चित्र हेच खरं चित्र. बोलणं चूक नव्हतं, म्हणूनच झोंबलं. मी त्यांच्याकडून चार दिवस मागून घेतले. सगळ्या केंद्रांना कळवलं, हाताला येतील त्या काही काचा घ्या, खिडकीशी तिरप्या धरा आणि चकाकणाऱ्या रेघा दिसतात का सांगा. कारण सांगितलं नाही, म्हणजे कोणी मला बरं वाटावं म्हणून काही बघणार नाही.

दोन केंद्रं सोडून सगळीकडे पेन्सिल निघाली, दादा. कुठे गालावर, कुठे डोळ्यांखाली. एका बाईंच्या गळ्यात आख्खा हारच पेन्सिलने काढलेला आहे, आणि इतका बेताचा की मोहच पडावा. एका बाळाचा मिटलेला डोळा उघडलाय. ज्यांनी पेन्सिल फिरवली त्यांचं नाव कुठेही नाही. पुतण्यांवाल्या गृहस्थांनी तर स्वतःहून कळवलं की त्यांनी काम थांबवलंय, आधी या रेघा कसल्या ते सांगा.

मी ते सगळे फोटो संचालकांच्या टेबलावर मांडले. त्यांनी उभ्यानेच एकेक फोटो उचलून पाहिला. मग म्हणाले, त्यांच्या घरात आजोबांचा फोटो आहे, आजोबा त्यात फारच देखणे आहेत, आणि आजी त्यावर नेहमी हसायची. एवढं बोलून त्यांनी सही केली.

नवीन कलम सात असं आहे. काचेवरून काहीही उतरवायचं नाही. दोनदा स्कॅन करायचं, एकदा उजेड खालून घेऊन, एकदा तिरपा घेऊन. पहिल्यात माणूस त्याला हवा तसा दिसतो, दुसऱ्यात कोणाचा हात कुठे फिरला ते दिसतं. आणि तो हात कोणाचा, हे माहीत असेल तर लिहायचं.

आई माझी नसती तरी मी हेच केलं असतं, हे आता छाती ठोकून सांगते. आई माझी नसती तर मला हे कळलं नसतं, हेही तितकंच खरं. किल्लीचं परत विचारते. नाही म्हणालास तरी कलम बदलणार नाही, तेव्हा मोकळ्या मनाने ठरव.

तुझी,
मोजपट्टी

२६ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद. कान या खेपेस सोडला.

किल्ली खिशातून काढून खिळ्याला लावली आहे. मात्र पेट्या गाव सोडणार नाहीत. यंत्र इकडे पाठव, माणसं पाठव, वहिनी चहा देईल आणि मी चुका काढीन. आई शेजारी बसून कोणी काय सांगितलं होतं ते एकेका काचेला सांगेल. किती आठवेल कोण जाणे. काल सुरुवात केली आणि एका नवरदेवाच्या मिशीवर पाऊण तास बोलली.

दुसरी गोष्ट. आईला मास्तर परत करायचे आहेत. त्याच काचेवर. मी म्हटलं, तुझ्या नियमात बसत नाही. ती म्हणाली, नियमात बसायचं नाही, मेजावर बसायचंय. हात कापतो खरा. चहा बशीत जास्त आणि कपात कमी असतो. पण काल कोऱ्या काचेवर टोक टेकवलं आणि हात थांबला, मी डोळ्यांनी पाहिलं. मेज झाडून आरसा बसवून ठेवलाय. आता तूच तुझ्या तोंडाने तिला काय ते सांग. मी मध्ये पडणार नाही, मला याच घरात राहायचंय.

दादा

१ मार्च

ती. आईस,
पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

आज सकाळी अकराही केंद्रांत काम सुरू झालं. दुपारपर्यंत तक्रारीचे फोन आले, म्हणजे सगळे खरंच कामाला लागलेत. पहिल्या नोंदी संध्याकाळी आल्या. हात कोणाचा, या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'माहीत नाही' असंच आहे, पण रकाना आहे. काही दिवसांपूर्वी तोही नव्हता.

आता मास्तरांचं. जुन्या वस्तूवर नव्याने काही करायचं नाही, हा नियम माझाच आहे आणि योग्य आहे. उद्या कोणी दुसऱ्याने मागितलं तर मी नाही म्हणेन. तुला नाही म्हणायला बसले आणि नाही म्हणवेना, तेव्हा पुन्हा तपासून पाहिलं, हा लाड तर नव्हे? मला वाटतं नव्हे. पुसलं ते आमच्या नियमाने, आणि शब्द दिलेला आहे तुझा. काच आहे तशी आधी स्कॅन होईल. मग तू काम कर, मग परत स्कॅन होईल. नोंदीत मी लिहिणार आहे: पुसलं आम्ही, भरलं त्याच हाताने. आणि खाली, हे नियमात बसत नाही, असंही लिहिणार आहे, माझ्या सहीनिशी.

कानाजवळचे तेवढे राहू दे. मी यंत्राबरोबर शनिवारी येतेय. मेजाला हात लावणार नाही, लांबून बघेन. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
बाळ

ता. क. गावात मिळतात त्या पेन्सिली मऊ असतात, टोक टिकत नाही, असं वहिनी म्हणाली. उद्याचं काम: आईसाठी सगळ्यात कडक शिशाच्या दोन पेन्सिली आणणे.